एसएसबी रिपीटर बॅच, पुणे: कॉन्फरन्स आऊट झाल्यावर केलेल्या तीन वीकेंडचा रिव्ह्यू

एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची पाच दिवसांची निवड चाचणी, आणि कॉन्फरन्स आऊट म्हणजे शेवटच्या दिवशी बोर्डाच्या बैठकीनंतर निवड न होणं. आधीच सांगते, क्लासचं नाव इथे लिहीत नाहीये कारण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की माझी जाहिरात करू नका, बॅच छोटीच ठेवायची आहे. ज्याला खरंच गरज आहे त्याने मला मेसेज करा, नंबर देते. एक रिटायर्ड कर्नल सर आणि सायकॉलॉजीच्या एक मॅडम मिळून घेतात, कोथरूडच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी एक पत्र्याचा हॉल आणि पुढे छोटं ग्राउंड आहे. तीन वीकेंड, शनिवार रविवार, सकाळी साडेसहा ते दुपारी दोन. फी साडेसात हजार, राहणं-जेवण आपलं आपण. मी मे २०२५ ची बॅच केली, साताऱ्याहून यायचे, शुक्रवारी रात्री मावशीकडे मुक्काम.

ही बॅच फक्त एसएसबीतून परत आलेल्यांसाठी आहे, नवीन मुलांना घेतच नाहीत. आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं काय झालेलं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. एनडीएची (बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायला जायची खडकवासल्याची अकादमी) लेखी मी दोनदा क्लिअर केली. ९०० मार्कांची लेखी, ९०० मार्कांची एसएसबी, मुलींना २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दार उघडलं आणि २०२२ ला पहिल्या १९ मुली खडकवासल्यात गेल्या, तेव्हा मी शाळेत होते आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नव्हतंच. जागा किती कमी आहेत ते माहीत होतं, आर्मीच्या २०८ मध्ये मुलींना १०, तरी वाटायचं त्या दहात आपण आहोतच. पहिल्यांदा प्रयागराजला स्क्रीन आऊट झाले, पहिल्याच दिवशी दुपारी बॅग उचलून परत, पण तेव्हा एवढं लागलं नाही कारण अजून एक चान्स वयात बसत होता. दुसऱ्यांदा भोपाळ, पूर्ण पाच दिवस, आणि कॉन्फरन्स आऊट. तिथे वय संपलं. साडेएकोणीसची अट आहे, त्यामुळे एनडीए हा विषय कायमचा बंद.

कॉन्फरन्सनंतर आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, ऑफिसर आले, दोन मिनिटं चांगलं बोलले आणि निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचायला लागले. माझा चौदा होता. तेरा वाचला, आणि पुढचा थेट एकवीस. तेरा नंबरवाली माझ्याच शेजारी बसलेली, पाच दिवस आमचा बेड शेजारी शेजारी, ती उठून पुढे गेली आणि मी टाळ्या वाजवत होते, टाळ्या खरंच मनापासून होत्या पण हात आपले आपोआप चाललेले. नंतर बिब (नंबर लिहिलेलं छातीवरचं कापड) परत द्यायचं होतं तर बाजूच्या नाडीची गाठ सुटेना, नखं लावली तरी सुटेना, शेवटी तिनेच येऊन सोडवली. काही बोलली नाही, नुसती गाठ सोडवली. मग निवडलेले मेडिकलसाठी तिकडे थांबले आणि आम्ही गाडीत बसून स्टेशनला. झेलम एक्स्प्रेसला वेटिंगचं तिकीट, आणि रिपीटर म्हणून रेल्वेचं भाडंपण मिळत नाही, ते पहिल्यांदा जाणाऱ्यालाच मिळतं. इटारसीला चहा घेतला तेवढाच.

पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, त्यांनी अख्ख्या डेपोला सांगून ठेवलेलं. सातारा स्टँडवर न्यायला आले तर फक्त विचारलं, जेवलीस का. बाकी काही नाही. आत्या, काका, कॉलेजच्या मॅडम सगळ्यांनी समजावलं की जे होतं ते चांगल्यासाठी होतं, पॉझिटिव्ह राहा, आणि मला कळायचंच नाही की पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं. सगळे प्रेमाने सांगत होते, त्यांचा राग नाहीये. पण मी फेब्रुवारी-मार्च दोन महिने रनिंगला गेले नाही. एनडीएचं काही मोबाइलवर आलं की पुढे ढकलायचे.

याच्या आधी मी एका मोठ्या क्लासला गेलेले, नाव घेत नाही, मोठे होर्डिंग असतात तसला. तिथे टीएटीच्या (चित्र बघून गोष्ट लिहायची चाचणी) तयार गोष्टी पाठ करायला दिलेल्या, डब्ल्यूएटीच्या (शब्द बघून वाक्य लिहायचं) साठ शब्दांना साठ छापील वाक्यं. भोपाळला पंधरा सेकंदात शब्द बदलतो तेव्हा ती पाठ केलेली वाक्यं आणि माझं स्वतःचं यात मी अडकून पडायचे, बरेच शब्द कोरे सुटले. आणि निकाल लागून दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांचा फोन, रिपीटर कोर्सला डिस्काउंट आहे, आज भरलं तर एवढं कमी. पप्पांनी फोन घेतला आणि ठेवून दिला. सांगायचं एवढंच की असा फोन आला तर त्या आठवड्यात पैसे भरू नका, डोकं ठिकाणावर नसतं तेव्हा.

आता या बॅचबद्दल. पहिल्या दिवशी मला वाटलेलं ग्राउंडवर पळवतील. तसं काही नाही. मॅडमनी वही काढायला लावली आणि सांगितलं तुमचे पाच दिवस तासातासाने लिहा, पण फक्त तुम्ही काय केलं ते. बोर्डाला काय वाटलं असेल, ऑफिसरचा चेहरा कसा होता, ते एक वाक्य नको. तीन तास लागले. एक मुलगा लिहिता लिहिता रडायला लागला, मग मीपण, मॅडमनी कोणाला थांबवलं नाही, पंखा थोडा वाढवला आणि पाण्याचा जग मध्ये आणून ठेवला. त्या दिवशी समजवासमजवी झालीच नाही. मला दोन महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं ते तेव्हा.

नंतर सर आले आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली, बोर्डाने तुम्हाला का काढलं ते मला माहीत नाही, बोर्ड कारण सांगत नाही, आणि जो म्हणतो मला माहीत आहे त्याला पैसे देऊ नका. आपल्याकडे फक्त तुम्ही काय केलं तेवढं आहे, त्यावर काम करू. हे ऐकून माझा विश्वास बसला. आधीच्या क्लासमध्ये तर माझ्या चेहऱ्यावरून सांगितलेलं की तुझ्यात कॉन्फिडन्स कमी आहे.

शनिवारी मॅडमचं जास्त, रविवारी ग्राउंड. मॅडमनी पूर्ण टीएटी घेतली, अकरा चित्रं आणि बारावं कोरं, तीस सेकंद बघायचं आणि चार मिनिटांत लिहायचं, अगदी तिथल्यासारखं. मग आम्हालाच पेन्सिल दिली आणि सांगितलं तुमच्या गोष्टीत मुख्य माणूस सोडून जेवढी माणसं काहीतरी करतायत त्यांच्याभोवती गोल करा. माझ्या अकरापैकी नऊ गोष्टींत एकपण गोल नाही. पूर येतो, माझी नायिका एकटीच गाव वाचवते. गावात रस्ता नाही, एकटीच बनवते. मी बघतच राहिले. मॅडम म्हणाल्या हे चूक-बरोबर नाही, फक्त बघ, घरी पण अशीच आहेस का? आणि खरंच, घरी कपडे वाळत घालायला पण मी आईला हात लावू देत नाही.

ग्राउंडवर तर अजून उघडं पडलं. फळी, बल्ली, दोरी घेऊन ग्रुपने अडथळे पार करायचे, तोच सगळा मामला, लाल रंगाला हात-पाय लावायचा नाही, चार फुटांपेक्षा लांब अंतर उडी मारून पार करायचं नाही. आमच्या ग्रुपमध्ये नगरचा एक मुलगा आवाजाने मोठा, चांगला आहे पण सगळ्यांच्या आधी बोलणार. तिसऱ्या ऑब्स्टॅकलला मला दिसत होतं की बल्ली आडवी टाकली तर काम होतंय, मी एकदा बोलले, त्याने ऐकलं नाही, मी गप्प. सरांनी शिट्टी मारून सगळं थांबवलं आणि शांतपणे विचारलं, चौदा नंबर, तुझ्याकडे आयडिया होती का? (चौदा मी मुद्दाम मागून घेतलेला, तोच नंबर हवा होता मला.) म्हणलं होती सर. मग ती गेली कुठे? मला उत्तरच देता येईना. भोपाळला पीजीटीत (हीच ग्रुपची अडथळ्यांची चाचणी) अगदी हेच झालेलं, तिसऱ्याच ऑब्स्टॅकलला, आणि घरी येऊन मी सगळ्यांना सांगत होते की ग्रुप खराब होता. सरांनी परत शिट्टी मारली, यावेळी मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा नगरवाल्याचा दंड धरून बल्ली दाखवली, आणि तो लगेच म्हणाला अरे हां. एवढंच होतं. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

दुसऱ्या वीकेंडचा शनिवार मला सगळ्यात उपयोगी पडला. कलाम सरांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असणार, १९५८ ला डेहराडूनला एअर फोर्सच्या बोर्डात पंचवीस जणांत नववे आले आणि जागा आठच. प्रत्येक क्लासमध्ये सांगतात, आणि सांगून झालं की टाळ्या, बस. मॅडमनी विचारलं की याच्यात तुमच्या कामाचं काय आहे. कोणी म्हणलं जिद्द, कोणी मेहनत. मग त्यांनी लक्षात आणून दिलं की ते डेहराडूनला जाण्याआधी दिल्लीत संरक्षण खात्यातला दुसरा इंटरव्ह्यू देऊन आलेले. डेहराडूनहून ते ऋषिकेशला गेले, गंगेत आंघोळ केली, स्वामी शिवानंदांना भेटले, मन शांत केलं, सगळं खरं, पण परत आले तेव्हा दिल्लीत अपॉइंटमेंट लेटर होतं. म्हणजे दुसरं दार आधीच ठोठावून ठेवलेलं. हे मला कोणी कधी असं सांगितलं नव्हतं.

मग प्रत्येकाने स्वतःचं कॅलेंडर बनवायचं. माझं असं झालं: बीएस्सीचं एक वर्ष राहिलंय, एनसीसीचं बी सर्टिफिकेट आहे, सी ची परीक्षा तिसऱ्या वर्षाला, त्यात किमान बी ग्रेड आणि डिग्रीला ५० टक्के असले की एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी नाहीच, थेट एसएसबी. सीडीएसमधून (डिग्रीवाल्यांची सैन्याची लेखी) चेन्नईच्या ओटीएसाठी (आर्मीची ट्रेनिंग अकादमी) इंग्लिश आणि जीके एवढे दोनच पेपर, गणित नाही. एअर फोर्सची एफकॅट परीक्षा वेगळी. ओटीएचं ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं. हे सगळं मला तुकड्यातुकड्यात माहीत होतं, पण एका कागदावर महिन्यांसकट लिहिल्यावर दिसलं की पुढच्या तीन-चार वर्षांत मला अजून बरेच चान्स आहेत, आणि त्या रात्री झोप लागली नीट. सरांनी नाशिक रोडच्या सरकारी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचंपण सांगितलं, महाराष्ट्राच्या उमेदवारांना सीडीएस आणि एसएसबीची तयारी तिथे फुकट करून घेतात, राहणं-जेवण सकट, अटीत बसत असाल तर आधी तिथे अर्ज करा मग माझ्याकडे या, असं स्वतः म्हणाले. पैसे घेणारा माणूस असं सांगतो यावरून काय ते समजा. आणि मॅडमनी त्याच कागदावर एक ओळ सैन्याबाहेरची पण लिहायला लावली. मी एमएस्सी जिऑलॉजी लिहिलं. ते लिहिताना वाईट वाटेल असं वाटलेलं, वाटलं नाही.

आता जे आवडलं नाही ते. बारा जणांची बॅच सांगितलेली, आलो एकोणीस, त्यामुळे मॉक इंटरव्ह्यू फक्त एकच मिळाला आणि तोपण सरांकडे नाही, एका तरुण ट्रेनरकडे. त्याने मुलींना लग्नाचा काय विचार हेच तीनदा फिरवून विचारलं, बाकी पीआयक्यू फॉर्मवर (एसएसबीत स्वतःची माहिती भरून देतो तो) काही नाही. मी सरांना सांगितलं तर पुढच्या वीकेंडला त्यांनी स्वतः माझा अर्धा तास घेतला आणि सॉरी म्हणाले, पण मुळात व्हायला नको होतं. पत्र्याच्या हॉलमध्ये अकरानंतर बसवत नाही, दोनच पंखे. प्रिंट नोट्स सगळ्या इंग्लिश आणि हिंदीत, मराठी मीडियमवाल्यांना पहिले दोन दिवस जड जातं, बोलताना मात्र दोघंही मराठीत समजावतात. मुलींना कपडे बदलायला धड जागा नाही. फी दोन हप्त्यांत चालते, पण एकदा भरली की परत नाही.

शेवटच्या रविवारी सकाळी खडकवासल्याला नेलं, धरणाच्या रस्त्याने पळायला. मी फेब्रुवारीपासून त्या बाजूला गेलेच नव्हते, मावशीने एकदा चौपाटीला भजी खायला चल म्हणलं तरी नाही म्हणाले होते. पाण्यापलीकडची सगळी झाडी एनडीएची. सरांनी तिथे भाषण वगैरे दिलं नाही, स्ट्रेचिंग करा म्हणाले. मी पाण्याकडे तोंड करूनच स्ट्रेचिंग केलं. थोडं भरून आलं, पण पाय चालत होते.

३० मे ला एनडीएची पासिंग आऊट परेड होती, १४८ वा कोर्स, पहिल्या मुली बाहेर पडल्या, १७ जणी. मी आणि पप्पांनी पूर्ण बघितली मोबाइलवर, पप्पांची दुपारची ड्युटी होती तर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. कुठली रांग मुलींची ते मला विचारत होते.

कोणी करावी: जे एसएसबीला जाऊन आलेत, निदान एकदा स्क्रीनिंगच्या पुढे गेलेत, आणि निकालानंतर एकदोन महिने झालेत. लगेच त्याच आठवड्यात नका जाऊ, सर पण घेत नाहीत. ज्यांना सिलेक्शनची गॅरंटी हवी आहे त्यांनी जाऊच नका, तिथे तसं कोणी बोलत नाही. साडेसात हजार आमच्यासारख्या घराला कमी नाहीत, तरी मला पैसे वसूल वाटले, इंटरव्ह्यूचा प्रकार सोडून. पाचपैकी चार स्टार. जाताना जाड वही, दोन पेनं आणि टोपी न्या, आणि ग्राउंडवर काटे आहेत तर जुन्या पातळ सोलचे बूट घालून जाऊ नका.