साठीच्या उंबरठ्यावर पैसा आणि कष्ट कुठं घालावेत: गोळी, उपास की मांडीतली ताकद?

सांगलीत विश्रामबागला माझं औषधाचं दुकान आहे. निवृत्तीच्या आसपासची माणसं बीपीच्या गोळ्या घेता घेता हल्ली हमखास विचारतात, "म्हातारपण लांबवणारं काहीतरी निघालंय म्हणे, ते घ्यावं का?" कुणाच्या मुलीनं अमेरिकेतून एनएमएन या पूरक कॅप्सूलची बाटली पाठवलेली असते, कुणी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवरचा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला सोळा तासांचा उपास सुरू करायचा असतो. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण विचारणाऱ्याला नुसती वर्षं नको असतात. त्याला स्वतःच्या पायांनी बाजारात जायचं असतं आणि नातवंडांची नावं आठवायला हवी असतात.

म्हणून हे पर्याय शेजारी शेजारी ठेवतो. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. प्रयोग उंदरांवर झालाय की माणसांवर? फरक कशात पडला: मरण, आजार, चालणं-फिरणं यात, की फक्त रक्ताच्या तपासणीतल्या आकड्यात? आणि आपल्या अंगकाठीला ते सोसणारं आहे का?

मेटफॉर्मिन आणि रॅपामायसिन

मेटफॉर्मिनचं नाव पुढं आलं, कारण ती जुनी, स्वस्त आणि ओळखीची गोळी आहे. १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी ती मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढं २०१४ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही हे मधुमेह नसलेल्यांपेक्षाही थोडे जास्त जगताना दिसले. केवढी तरी आशा या एका निष्कर्षावर उभी राहिली. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवर तोच हिशेब पुन्हा मांडला गेला आणि फायदा सापडला नाही. पहिल्या अभ्यासात मेटफॉर्मिन बदलून दुसरं औषध सुरू झालं की त्या माणसाची गणती तिथंच थांबत होती. त्यामुळे आजार बळावलेली माणसं हिशेबातून आपोआप गळत होती, आणि उरलेली अर्थातच जास्त धडधाकट होती.

माझ्या दृष्टीनं याहून महत्त्वाचा प्रयोग २०१९ चा आहे. ६५ वर्षांवरच्या निरोगी माणसांकडून १४ आठवडे वजनांचे व्यायाम करून घेतले. काहींना मेटफॉर्मिन दिली, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. बिनऔषधी गोळीवाल्यांचे स्नायू जास्त वाढले. मधुमेह नसताना जो माणूस 'वय लांबवायला' ही गोळी घेतो आणि शिवाय जिमलाही जातो, तो एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं घालवत असण्याची शक्यता आहे. शिवाय लांब काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होतं. शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चीनमध्ये ४० महिने मेटफॉर्मिन दिलेल्या नर माकडांच्या मेंदूत आणि इतर अवयवांत वार्धक्याच्या खुणा कमी दिसल्या, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. माकडं मोजकी होती, पण निष्कर्ष दुर्लक्ष करण्यासारखा नाही. खरा निकाल देईल ती 'टेम' नावाची चाचणी. न्यूयॉर्कच्या नीर बार्झिलाय यांची योजना अशी की ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३,००० लोकांना सहा वर्षं पाहायचं आणि हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश हे आजार एकत्रित लांबतात का ते तपासायचं. ही चाचणी वर्षानुवर्षं पैशांपायी अडकली आहे. पेटंट कधीच संपलेल्या दोन-चार रुपयांच्या गोळीवर कुठली कंपनी कोट्यवधी घालणार? हे मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत मोठं दुखणं वाटतं. ज्या गोष्टी गरिबाला परवडतील, त्यांचीच परीक्षा घ्यायला कुणी पुढं येत नाही.

रॅपामायसिनची गोष्ट वेगळी आहे. इथं उंदरांवरचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे. ईस्टर बेटावरच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून हे औषध आलं आणि ते वेगळं करण्यात मॉन्ट्रियलमध्ये काम करणारे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आघाडीवर होते. कंपनीनं काम गुंडाळलं, तेव्हा त्यांनी त्या जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपले. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, ६०० दिवसांच्या म्हणजे जवळपास म्हाताऱ्या उंदरांना ते दिलं, आणि आयुष्याची वरची मर्यादा माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढली. हा प्रयोग अमेरिकेत तीन वेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी झाला होता, म्हणून त्याला वजन आहे.

माणसांपर्यंत येताना मात्र पाय अडखळले. २०१४ मध्ये याच जातीच्या औषधानं वृद्धांमध्ये फ्लूच्या लशीचा परिणाम सुमारे २० टक्क्यांनी वाढला, पण त्याच दिशेनं पुढं गेलेलं दुसरं औषध २०१९ च्या मोठ्या चाचणीत नापास झालं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅपामायसिनच्या ४८ आठवड्यांच्या 'पर्ल' चाचणीत पोटातल्या चरबीच्या मुख्य मापावर फरक दिसला नाही. काही स्त्रियांत स्नायू वाढले आणि वेदना कमी झाल्या, एवढंच पदरात पडलं. तोंडात फोड येणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं, संसर्ग होणं हे या औषधाचे ओळखीचे उपद्रव. वय मागं नेण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतणारे ब्रायन जॉन्सन यांनीही जवळपास पाच वर्षांनी २०२४ मध्ये ते सोडलं, ते याच तऱ्हेच्या त्रासांमुळं. ज्यांच्याकडं रोज तपासणी करायला डॉक्टरांचा ताफा आहे, त्यांना हे जमलं नाही. आपण दुकानातून घेऊन प्रयोग करू नये. मी तर चिठ्ठीशिवाय देणारच नाही.

बाटलीतल्या कॅप्सूल आणि आपली हळद

एनएमएन आणि त्याची भावंडं रक्तातला एनएडी नावाचा, पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा घटक वाढवतात, यात वाद नाही. प्रश्न पुढचा आहे: तो वाढल्यानं काय झालं? २०२१ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या काठावरच्या २५ स्त्रियांना दहा आठवडे एनएमएन दिलं, तेव्हा स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. वजन, बीपी, साखरेचा रोजचा आकडा होता तिथंच राहिला. रॅपामायसिन तपासणाऱ्या त्याच तीन प्रयोगशाळांनी एनएमएनचं भावंड असलेलं एनआर उंदरांना दिलं, आयुष्य वाढलं नाही. एका बाटलीला काही हजार मोजण्याइतकं यात मला काही दिसत नाही. टॉरीन या अंगात मुळातच असणाऱ्या द्रव्याचंही असंच झालं. २०२३ मध्ये त्यानं उंदरांचं आयुष्य वाढल्याचा गाजावाजा झाला. टॉरीन वयाबरोबर घटतं, असा तेव्हाचा आधार होता. २०२५ मध्ये माणसं, माकडं, उंदीर तपासले, तर वयाबरोबर ते घटतच असेल असं काही दिसलं नाही.

रेसव्हेरेट्रॉल आणि कर्क्युमिन हे दोन पदार्थ आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचे आहेत. एक द्राक्षातला, एक हळदीतला. तासगाव-मानेराजुरीच्या बागा आणि हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या दोघांबद्दल ममत्व वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतं. म्हणूनच स्पष्ट लिहितो. रेसव्हेरेट्रॉलवर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी ग्लॅक्सोनं २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना घेतली आणि २०१३ मध्ये तिचं कार्यालय बंद केलं. साध्या आहारावरच्या उंदरांचं आयुष्य रेसव्हेरेट्रॉलनं वाढलं नाही, आणि कर्क्युमिननंही नाही.

भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूल वेगळी. हळदीत कर्क्युमिन थोडं असतं, साधारण तीन टक्के, आणि त्यातलंही फारसं अंगी लागत नाही. कॅप्सूलमध्ये ते एकवटलेलं असतं, आणि ते शोषलं जावं म्हणून मिरीतलं पिपरिनही घातलेलं असतं. यकृताला इजा झालेले दहा रुग्ण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये नोंदवले, त्यातला एक दगावला. फोडणीतल्या चिमटीला घाबरायचं कारण नाही. कॅप्सूल चालू असेल आणि डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर ती बंद करून डॉक्टरांकडं जायचं.

जुन्या, निकामी पेशी मारणारी औषधं मी यादीतून सरळ वगळतो. युनिटी कंपनीचं गुडघ्यासाठीचं औषध २०२० मध्ये बिनऔषधी इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. हे क्षेत्र अजून प्रयोगशाळेतलंच आहे.

उपास

कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढतं, हे क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये उंदरांवर दाखवलं. माकडांवरचे दोन अमेरिकी अभ्यास मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये फायदा दिसला, राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत आयुष्य वाढलं नाही. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर बरीच जास्त होती आणि तुलनेतली माकडं पोटभर खात होती. मुळातच बेताचं, चांगलं खाणाऱ्याला आणखी कमी खाऊन किती मिळणार, हा प्रश्न तिथून उरतोच.

माणसांवरच्या 'कॅलरी' चाचणीत सुमारे २२० सडपातळ ते मध्यम बांध्याच्या माणसांपैकी एका गटाला दोन वर्षं २५ टक्के कमी खायला सांगितलं होतं. जमलं सुमारे १२ टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं. २०२३ मध्ये त्यांच्या रक्तावर वय मोजणारी तीन रासायनिक घड्याळं लावली. म्हातारं होण्याचा वेग मोजणारं एक घड्याळ दोन-तीन टक्क्यांनी मंदावलं, बाकी दोन हललीच नाहीत. 'तुमचं जैविक वय' सांगणाऱ्या महागड्या तपासण्यांबद्दल मला एवढंच सांगायचं आहे: एकाच रक्तावर घड्याळं वेगवेगळं बोलतात, म्हणून त्या आकड्यावर औषध ठरवू नका.

आपल्याकडची अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त. 'कॅलरी' चाचणीत वजनाबरोबर स्नायूही घटले होते. पोट सुटलेल्या पंचेचाळिशीच्या माणसानं रात्रीचं जेवण आवरतं घेतलं, तर भलंच आहे. पण काटक्या हातापायांच्या पासष्टीच्या मावशींनी एकादशी, चतुर्थी, सोमवार आणि वर सोळा तासांचा उपास धरला, तर त्या आपलं उरलंसुरलं भांडवल मोडून खातात. त्यांना वाटीभर डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, याची गरज जास्त आहे.

बीपी, ताकद आणि नागिणीची लस

आता ज्या रकान्यात पुरावा माणसांवरचा आहे आणि फरक मरण-आजारात पडला आहे, तो रकाना.

'स्प्रिंट' चाचणीत ५० वर्षांवरची, मधुमेह नसलेली पण हृदयाला धोका असलेली ९,३६१ माणसं होती. वरचं बीपी १४० च्या खाली ठेवण्याऐवजी १२० च्या खाली ठेवलं, तर हृदयाचे आघात २५ टक्क्यांनी आणि मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले. २०१५ चा हा निकाल. कुठल्याही एनएमएनच्या बाटलीला असा आकडा कधी लाभलेला नाही. याची किंमतही आहे: चक्कर, मूत्रपिंडावर ताण. शिवाय तिथलं बीपी पाच मिनिटं शांत बसवून यंत्रानं मोजलेलं होतं. स्कूटरवरून उतरून थेट काउंटरवर मोजलेला आकडा त्याच्याशी जोडू नका, आणि १२० गाठायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ताकदीचा पुरावा तर थक्क करणारा आहे. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०१४ च्या 'लाइफ' चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात चालणं अवघड होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी होतं. डेन्मार्कमध्ये निवृत्तीच्या वयात एक वर्ष जड वजनं उचललेल्यांच्या पायांची ताकद चार वर्षांनीही टिकून होती. आमराईत सकाळी फेऱ्या मारणारे खूप आहेत आणि ते चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्यानं मांडीत ताकद येत नाही. ज्या भागात तालमी गल्लोगल्ली होत्या, तिथं साठीनंतर बैठका विसराव्यात, याचं मला वाईट वाटतं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठून बसणं, इथून सुरुवात होते.

लशीचा विषय अलीकडचा आहे. वेल्समध्ये नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळाली, आधी जन्मलेल्यांना नाही. त्यामुळे वयात काही आठवड्यांचाच फरक असलेली माणसं तुलनेला मिळाली. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला, असं २०२५ मध्ये छापून आलं. ती लस जुन्या प्रकारची होती. आपल्याकडं २०२३ पासून मिळणारी नवी, दोन डोसांची आणि महाग आहे. नागीण टाळण्याचा तिचा फायदा मात्र पक्का आहे. ज्यांनी गेरू लावत, रात्र रात्र जागून नागिणीची आग सोसली आहे, त्यांना तेवढंही पुरेसं वाटेल.

कोणी काय निवडावं

मधुमेह असेल आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली असेल, तर ती निर्धास्त चालू ठेवा, बी-१२ तपासून घ्या आणि स्नायूंच्या भीतीनं गोळी सोडू नका. वाढलेल्या साखरेचा धोका त्याहून मोठा आहे. मधुमेह नसेल, तर वाट पाहा. खर्चाला महिन्याला दोन-तीन हजारच असतील, तर आधी बीपीचं चांगलं यंत्र, मग डाळ-दूध-अंडी, मग लशीसाठी साठवणूक. एनएमएनची बाटली घरात आलेलीच असेल, तर मुलीला प्रेमानं सांगा की पुढच्या खेपेला त्या पैशात आईसाठी लस घेऊ.

'टेम'सारख्या चाचणीत आजार खरंच लांबले, किंवा रॅपामायसिननं माणसांत चालणं-फिरणं टिकवलं, तर मी मत बदलेन. तोवर बिनमधुमेही गिऱ्हाईक मेटफॉर्मिन मागायला आलं, तर मी आधी त्याला बसवून बीपी मोजतो.