काळी वायर, जांभळा फ्यूज : गॅस फर्नेसच्या जोडणीचा एका हिवाळ्याचा अनुभव

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आम्ही मागच्या सप्टेंबरात घर घेतलं. घरासोबत बेसमेंटमधला गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून अख्खं घर गरम करणारं यंत्र, आला आणि फर्नेससोबत आधीच्या मालकाची कारागिरी आली. फर्नेस उत्तम, ९६ टक्के एफिशियन्सीवाला. पण त्याच्या आजूबाजूला नुसता जुगाड. कंडेन्सेट पंप (फर्नेसमधून निघणारं पाणी बाहेर टाकणारा) एक्स्टेन्शन कॉर्डवर, ह्युमिडिफायरचा (हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या सॉकेटला, पंपातून निघालेल्या दोन बारीक वायरी पीळ मारून तशाच लोंबत सोडलेल्या. ऑक्टोबरात हे सगळं नीट करून घेतलं. आता एप्रिल संपत आलाय, म्हणून लिहितोय. सामानाच्या कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते बहुतेक अशा फर्नेसना लागू पडतं.

आधी माझ्या अडाणीपणाबद्दल. माझे बाबा इचलकरंजीत पॉवरलूमच्या कारखान्यांत वायरमन होते. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग, हे मला पाढ्यांच्याही आधी पाठ होतं. इथे काळी हीच फेज आणि पांढरी न्यूट्रल. नुसतं माहीत असून भागत नाही, हात जुन्या सवयीनेच जातो. व्हिडिओ कॉलवर बाबांना स्विचचा डबा उघडून दाखवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न तोच : "काळी न्यूट्रलच ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, इथे काळ्यातच करंट." ते थोडा वेळ गप्प. मग, "मग लेका, रंगावर जाऊ नको. टेस्टर लाव."

बाबांनी दिलेला निऑनचा टेस्टर १२० व्होल्टला इतका मंद लागतो की उजेडात दिसतच नाही. म्हणून मल्टिमीटर घेतला, आणि पहिल्याच दिवशी तो वसूल झाला. फर्नेसच्या बाजूचा सर्व्हिस स्विच बंद केला, फर्नेस मेला, सगळं ठीक वाटलं. सहज म्हणून काळी वायर आणि पत्र्याचा डबा यांच्यात मीटर धरला तर १२१ व्होल्ट! स्विच बंद असताना! कुणीतरी स्विच पांढऱ्या वायरीवर बसवला होता. न्यूट्रल तुटला की फर्नेस बंद पडणारच, पण आतल्या बोर्डापर्यंत (फर्नेस चालवणाऱ्या सर्किट बोर्डापर्यंत) फेज जिवंतच राहते. स्विचवर विश्वास ठेवून हात घातला असता तर हा अनुभव दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : पॅनेलमधला ब्रेकर पाडायचा, सर्व्हिस स्विच बंद करायचा, मग काळी-पांढरी, काळी-डबा, पांढरी-डबा अशा तिन्ही जोड्या मोजायच्या. तिन्ही शून्य आल्याशिवाय हात नाही.

१२० व्होल्टचं काम मी स्वतः केलं नाही. परमिट काढलं, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याचे पैसे देताना जीव जरा खालीवर झाला, पण शिकागोकडे घरातलं वायरिंग लोखंडी पाइपातून न्यावं लागतं आणि ते पाइप वाकवणं येरागबाळ्याचं काम नाही. फर्नेसला स्वतंत्र सर्किट लागतं. मात्र त्याचे पंप, ह्युमिडिफायर असे सोबती त्याच सर्किटवर घ्यायला इथल्या इलेक्ट्रिकल कोडची हरकत नाही. गॅसच्या पाइपला आम्ही दोघांनीही हात लावला नाही.

२४ व्होल्टची बाजू मात्र मीच केली. फर्नेसच्या आत एक ट्रान्सफॉर्मर १२० चे २४ करतो आणि थर्मोस्टॅटच्या, म्हणजे घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या डबीच्या, सगळ्या बारीक वायरी या २४ वर चालतात. आर म्हणजे पुरवठा, सी म्हणजे परतीची वाट, डब्ल्यू उष्णतेसाठी, वाय एसीसाठी, जी पंख्यासाठी. आधीचा थर्मोस्टॅट बॅटरीवर होता. नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटला सी हवीच. भिंतीवरची प्लेट काढली तर निळी वायर मागे गुंडाळून ठेवलेली सापडली, बोर्डापाशीही तशीच. लॉटरीच. इथे मी माती खाल्ली. २४ व्होल्ट काय करणार, म्हणून ब्रेकर पाडलाच नाही. लाल वायरीचं उघडं टोक निळीला टेकलं. ठिणगी नाही, आवाज नाही, नुसता बोर्डावरचा दिवा गेला. रविवार संध्याकाळ, बाहेर पाऊस. अर्धा तास घाम फुटल्यावर बोर्डावरचा छोटा जांभळा फ्यूज दिसला, ३ अँपिअरचा, गाडीत असतो अगदी तसला. गाडीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून पाच आणले, चार अजून ड्रॉवरमध्ये आहेत. बोर्डावर ३ छापलं असेल तर ३ चाच घाला. मोठा घातला तर फ्यूज वाचेल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल.

ह्युमिडिफायरची जोडणी सगळ्यात फसवी. बोर्डावर 'हम' (ह्युमिडिफायरचं लघुरूप) असं लिहिलेली, वायर लावायची पट्टी असते. नाव वाचून वाटतं, ह्युमिडिफायरमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेची वायर थेट इथे लावायची. झडप २४ व्होल्टची, आणि माझ्या बोर्डावरच्या त्या पट्टीवर येतात १२० व्होल्ट! काही बोर्डांवर ती २४ ची असते, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला वायरिंगचा नकाशा वाचल्याशिवाय काही लावू नका. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने 'हम'वरून ट्रान्सफॉर्मरला पुरवठा दिला आणि ट्रान्सफॉर्मरच्या २४ वर ह्युमिडिस्टॅट (ओलावा किती हवा ते ठरवणारी चकती) आणि झडप एकामागे एक जोडली. आता फर्नेस चालू असेल तेव्हाच पाणी सुटतं. आधी ट्रान्सफॉर्मर भिंतीच्या सॉकेटला असल्याने फर्नेस बंद असतानाही पाणी पॅडवरून (ह्युमिडिफायरमधल्या ओल्या जाळीवरून) गटारात जात असे. पत्र्यातून जिथे वायर आत जाते तिथे त्याने क्लॅम्प बसवले. आधी पत्र्याच्या धारेवर नुसती वायर घासत होती.

नोव्हेंबरात खरी डोकेदुखी झाली. फर्नेस पेटायचा, चार-पाच सेकंदांत विझायचा, असं तीनदा करून रुसून बसायचा. बोर्डावरचा दिवा लुकलुकून सांगत होता : ज्योत दिसत नाही. सगळे सांगतात तसा फ्लेम सेन्सर घासून पुसला. दोन दिवस चालला, पुन्हा तेच. हा सेन्सर म्हणजे ज्योतीत धरलेली साधी दांडी. ज्योतीतून वीज एका दिशेने जास्त वाहते आणि बर्नरच्या धातूतून, अर्थिंगमधून बोर्डाकडे परतते. हा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे मुंगीच्या पावलाएवढा. अर्थिंग जरा ढिलं झालं तरी बोर्डाला वाटतं ज्योत नाही, आणि तो गॅस बंद करतो. आमच्या नव्या पाइपात वेगळी हिरवी वायर नाही, पाइप हेच अर्थिंग. फर्नेसच्या पत्र्याला पाइप धरून ठेवणारं लॉकनट हातानेच फिरत होतं! ते आवळलं आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तक्रार नाही. फेज-न्यूट्रल उलटे असतील तरी हीच लक्षणं दिसू शकतात, त्यामुळे दांडी घासण्याआधी तेही तपासा.

आता पंपाच्या त्या दोन लोंबत्या वायरींबद्दल. अशा फर्नेसच्या धुरातून पाणी सुटतं, किंचित आम्लधर्मी, ते पंपाच्या टाकीत जमतं आणि पंप ते बाहेर टाकतो. टाकी भरून वाहायच्या बेतात आली की तरंगता स्विच उघडतो, म्हणजे सर्किट तोडतो. त्या दोन वायरी त्या स्विचच्या. मी त्या थर्मोस्टॅटच्या लाल वायरीत मध्ये घेतल्या, म्हणजे टाकी भरली की फर्नेस थांबतो. परमिटच्या तपासणीला आलेल्या माणसाने पंपाची एक्स्टेन्शन कॉर्ड काढायला लावून जीएफसीआय सॉकेट (करंट गळायला लागला की स्वतःच बंद होणारं) बसवायला लावलं.

फेब्रुवारीत पहाटे तीनला बायकोने हलवलं, "अरे, घर गार पडलंय." बाहेर ४ फॅरनहाइट, म्हणजे उणे १५-१६ सेल्सिअस. थर्मोस्टॅटचा पडदा काळा. पहिला संशय फ्यूजवर, तो ठीक. मग पंपाची टाकी काठोकाठ दिसली. जीएफसीआय ट्रिप झाला होता, पंप थांबला होता, स्विचने फर्नेस थांबवला होता. बटण दाबलं, पंप घुरघुरला, पडदा उजळला. जमिनीवर पाण्याचा थेंब नाही. ही सोय मला आवडली, पण तिचा तोटाही तितकाच खरा. घरात कुणी नसतं तर नळ गोठून फुटले असते. म्हणून थर्मोस्टॅट ऑफलाइन गेला की फोनवर कळेल अशी सोय लगेच केली. आईने दुसऱ्या दिवशी विचारलं, "गॅसचा वास तर नाही ना येत?" तिला समजावलं की गॅसला वास देतात म्हणून कळतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. आमच्या इलिनॉय राज्याच्या कायद्याने झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत त्याचा अलार्म लागतो. आमच्याकडे वर दोन होते, मी बेसमेंटमध्ये तिसरा लावला.

सहा महिन्यांनी काय पटलं नाही? ह्युमिडिस्टॅट. सुरुवातीला ३५ टक्क्यांवर ठेवला. थंडी शून्य फॅरनहाइटला गेल्यावर खिडक्यांच्या कडांना पाणी आणि सकाळी बर्फाची किनार. २५ वर आणल्यावर थांबलं. बाहेरच्या तापमानानुसार आपोआप बदलणारा घ्यायला हवा होता, चाळीस-पन्नास डॉलर वाचवले आणि रोज जिना उतरून चकती फिरवली. पॅडवर पांढरा क्षार इतका बसतो की हिवाळ्यात एक पॅड पुरला नाही. झडपेचा टक्-टक् आवाज खालच्या खोलीत झोपणाऱ्या पाहुण्यांना ऐकू येतो, त्यावर उपाय सापडलेला नाही.

फर्नेसच्या दाराच्या आत एक छोटा दाबाचा स्विच असतो, दार काढलं की सगळं बंद. आधीच्या मालकाने त्यावर टेप चिकटवलेली होती. ती मी पहिल्याच दिवशी सोलून काढली. तिचा चिकटपणा अजून त्या स्विचवर आहे, पुढच्या ऑक्टोबरात पुसायचा राहिलाय.