छोटा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर: सहा महिन्यांच्या वापरानंतर
अर्ध्या रॅकच्या (ध्वनियंत्रे बसवण्याच्या चौकटीच्या) रुंदीचा, क्लास डी पद्धतीचा (वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरवर चालणारा, कमी वीज वाया घालवणारा) हा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आवाजाच्या स्वच्छतेत कुठेही कमी पडत नाही. शांत खोलीत त्याचा पंखा मात्र जाणवतो. ब्रिज मोडमध्ये (दोन्ही चॅनेल जोडून एकच स्पीकर चालवताना) जपावे लागते, कारण तिथे ४ ओहमचा (ओहम म्हणजे विद्युत रोध मोजण्याचे एकक) स्पीकर प्रत्येक चॅनेलला २ ओहमसारखा भासतो आणि यंत्राची किमान मर्यादा ४ ओहमची असल्याने संरक्षक सर्किट आवाज तोडते. (ही चूक मी पहिल्याच दिवशी केली.) साउंड मिक्सर (वेगवेगळे आवाज एकत्र करणारे यंत्र) अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर सुरू केल्यास स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका येतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा. गेनच्या (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या) खुंट्या मागच्या बाजूला असल्याने रॅकमध्ये बसवल्यावर त्या अंधारात चाचपडाव्या लागतात, हे मला अजूनही खटकते.