यामाहा पॅसिफिका ११२ व्ही, रात्री जेवल्यावर हात हिच्याकडेच जातो

बारा वर्षांत तीन इलेक्ट्रिक गिटारी झाल्या माझ्या, त्यातल्या दोन चुकीच्या कारणांनी घेतलेल्या, एक फोटोत भारी दिसली म्हणून आणि दुसरी आवडता गिटारिस्ट तसलीच वाजवतो म्हणून. तिसरी ही पॅसिफिका. दिसायला एकदम साधी, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणाच्याही गळ्यात दिसेल अशी.

आधीची होती ती लेस पॉलच्या, म्हणजे गिब्सनच्या जाडजूड गिटारच्या घाटाची कॉपी, साडेचार किलो, प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्याला लटकवून मोजलीय मी. उभ्याने चार गाणी झाली की डावा खांदा भरून यायचा, आणि बसून वाजवायला घेतली तर मागची बाजू सपाट पाट, तिची कड नेमकी बरगडीत. आवाज मात्र काय होता राव! पण खांदा दुखायला लागला की आवाजाचं कौतुक फार टिकत नाही.

पॅसिफिका स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घराण्यातली. फेंडरची आधीची टेलिकास्टर म्हणजे सरळ फळीच, तिच्या कडा टोचतात अशी वाजवणाऱ्यांची कुरकुर होती, मग १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर आली त्यात पोटाकडची बाजू आणि कोपराखालची कड तासून काढलेली. गंमत म्हणजे लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांचं ऐकायचा. तोच घाट इथे आहे, त्यामुळे ही अंगाला बिलगून बसते आणि उजवा हात कडेवर न घासता सरळ तारांवर येतो.

नेकची, म्हणजे दांड्याची सवय व्हायला मात्र वेळ गेला. हिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच, लेस पॉलची २४.७५, म्हणजे पाऊण इंचाचा फरक, पण त्याच जाडीच्या तारा हिच्यावर जास्त ताणलेल्या लागतात, पहिल्या आठवड्यात बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, बोटांची सालटी निघाली. शेवटी १० च्या काढून जरा बारीक अशा ९ च्या तारा टाकल्या, तेव्हा कुठे जमलं. फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, चपटा आहे, रेडियस १३.७५ इंच (हा आकडा मोठा तितकी पट्टी चपटी), जुन्या स्ट्रॅटचा ७.२५ म्हणजे चांगलाच गोल. चपट्यावर तारा खाली ठेवल्या तरी वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या रेघा) बेंड करताना सूर मरत नाही, सोलोवाल्यांना मजा. उलट एफचा बार कॉर्ड, ज्यात तर्जनी तारांवर आडवी दाबून धरायची, मला गोल नेकवरच सोपा वाटतो, पहिले पंधरा दिवस तर्जनी ठणकत होती. नेकची पाठ मॅट आहे हे ठाण्याच्या घामट हवेत फार बरं, आधीच्या चकचकीत नेकवर अंगठा चिकटून बसायचा.

एक तक्रार आहे, पण ती गिटारची नाही, दुकानाची. 'सेटअप करूनच देतो साहेब' म्हणाले, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून, आणि घरी येऊन बघतो तर बाराव्या फ्रेटवर तारा अडीच मिलिमीटरच्याही वर. मी हळूहळू १.६ वर आणल्या आणि तीच गिटार वेगळी वाटायला लागली. पावसाळ्यात नेक थोडा हलतो, ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला, पाव फेरा दिला की पुरतं, त्याहून जास्त उगाच पिळू नका.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, आल्डरची बॉडी, तारांचा आवाज उचलणारे पिकअप तीन, ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात तिथे) दोन कॉइलचा हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल, टोनचा नॉब वर ओढला की हंबकर स्प्लिट होतो, म्हणजे त्याची एकच कॉइल वाजते. सिंगल कॉइलवर गुणगुण येते, ती सगळ्याच सिंगल कॉइलला येते.

दुकानात गेलात तर अ‍ॅम्प लावूच नका आधी, गेनखाली, म्हणजे अ‍ॅम्पच्या करकरीत आवाजाखाली, सगळ्याच गिटारी गोड वाटतात. बिनहाताच्या स्टुलावर बसा, तुम्ही घरी जे वाजवता तेच वीस मिनिटं वाजवा, मग पट्टा लावून उभे राहा आणि नेकवरचा हात सोडून बघा, हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्यांचं टोक, जमिनीकडे झुकतो का. दुकानदार घड्याळाकडे बघायला लागेल, बघू दे.