किल्लीतला सेल संपला आणि माझ्याकडून १३,५०० रुपये उकळले

आधी आकडे लिहिते. ‘व्हिजिट चार्ज’ १,५०० रुपये, ‘चावी प्रोग्रामिंग’ ६,५०० रुपये, ‘रिसीव्हर मॉड्यूल रिपेअर’ ५,५०० रुपये. एकूण १३,५००. आणि प्रत्यक्षात काम काय झालं, तर गाडीच्या किल्लीतला बटण सेल बदलला. तसलाच सेल मी नंतर घड्याळवाल्याकडून ६० रुपयांना आणला.

मे महिन्यात आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीकडे किनाऱ्यावर गेलो होतो. मी, आई आणि माझा सहा वर्षांचा मुलगा. गाडी मीच चालवते. किल्ली पर्समध्ये असली की दाराच्या मुठीला हात लावून उघडणारी आणि बटणावर चालू होणारी गाडी आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि तिथल्या सगळ्यांनाच बोल लावायचा नाही. भर दुपारी समुद्रावरून परत आलो तर गाडी उघडेना. किल्लीचं बटण दाबून पाहिलं, किल्ली काचेला लावून पाहिली, काही नाही. आईची रक्तदाबाची गोळी गाडीत, पाणी गाडीत, आणि सुरूचं बन तिथून लांब. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. हे एवढ्यासाठी सांगतेय की ‘जरा शांतपणे विचार करायचा होता’ असं मला खूप जणांनी ऐकवलंय. उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघत शांतपणे विचार करून दाखवा.

पार्किंगची पावती फाडणाऱ्या मुलाने विजेच्या खांबावरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. गाडी लॉक, चावी, चोवीस तास सेवा आणि खाली मोबाइल नंबर. ‘हेच येतात मॅडम, दुसरं इकडे कोणी नाही.’ त्याला त्यात काही मिळतं की नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण इतक्या तत्परतेने नंबर दाखवणाऱ्याचा मला आता संशय येतो. फोनवर पहिलं वाक्य हेच, की येण्याचे दीड हजार आधी पाठवा, मग निघतो. पाठवले. स्टिकरवर दुकानाचं नाव होतं, पैसे मात्र कुठल्याशा माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेले. असं दिसलं की तिथेच थांबा.

माणूस व्हॅन घेऊन आला. बोलायला अतिशय गोड. आईला ‘आजी, तुम्ही व्हॅनच्या सावलीत बसा’ म्हणाला, मुलाला पाण्याची बाटली दिली. माझ्याकडून किल्ली घेतली, व्हॅनमध्ये गेला आणि एक छोटी लोखंडी किल्ली घेऊन बाहेर आला. म्हणाला, ही युनिव्हर्सल आहे. दाराच्या मुठीवरची टोपी काढली, आतल्या भोकात ती फिरवली, दार उघडलं. उघडताच गाडी बोंबलायला लागली. आजूबाजूचे लोक बघायला लागले, मुलगा घाबरून रडायला लागला. तो म्हणतो, ‘बघा मॅडम, सिस्टीमच बिघडलीय.’

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, ब्रेकवर पाय ठेवला, माझी बंद पडलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. अलार्म थांबला. एसी लागला. सगळं ठीक होतं! गाडी माझ्याच किल्लीवर, माझ्या डोळ्यांसमोर चालू झाली होती. तिथेच त्याच्या हातातून किल्ली घेऊन, नमस्कार करून निघायला हवं होतं. दीड हजारावर सुटका झाली असती. पण त्याने मला बोलायला जागाच ठेवली नाही. लगेच म्हणाला, ‘ही फक्त इमर्जन्सी मोडवर चाललीय. मॉड्यूल जळलंय. आंब्याच्या घाटात मध्येच बंद पडली आणि स्टीअरिंग लॉक झालं तर मग मला फोन करू नका. मागे पोर आहे तुमचं.’

घाट, वळणं, मागच्या सीटवर मूल. आईच्या काळजावर नेमका कुठे हात घालायचा, हे त्याला पाठ होतं. माझे यजमान फोनवर होते, तेही म्हणाले, देऊन टाक, पैशापेक्षा जीव मोठा. दोन शिकलेली माणसं एकाच वेळी घाबरली, कारण घाबरवणारा रोज तेच करतो.

मग त्याने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला एक डबी जोडली. डबीवर लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते. किल्ली परत व्हॅनमध्ये नेली. थोड्या वेळाने आणून दिली तर दारं उघडायला-मिटायला लागली. १२,००० रुपये मी तिथेच पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, व्हॉट्सॲपवर टाकतो. ते आजपर्यंत आलेलं नाही.

घरी परतल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने किल्लीच्या बाजूची छोटी खिट्टी सरकवली आणि आतून एक लोखंडी पातं बाहेर आलं. तेच! ‘युनिव्हर्सल’ म्हणून दाखवलेली किल्ली माझ्याच किल्लीच्या पोटात होती. टोकाशी गंजाचा तोच तांबूस ठिपका. मग त्याने किल्लीची फट उघडून सेल दाखवला, कोरा करकरीत, भलत्याच कंपनीचा. फटीच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याची ताजी चर पडली होती. स्कॅनर लावला तर गाडीत नोंद पहिल्या दोन किल्ल्यांचीच. नवीन काही प्रोग्राम झालेलंच नाही. घरी कपाटात पडलेली दुसरी किल्लीही पूर्वीसारखीच चालत होती.

मेकॅनिकने जे सांगितलं ते गाडी घेताना शोरूममध्ये कोणी सांगितलं असतं, तर हे पैसे वाचले असते. या किल्लीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. दारं लांबून उघडणारा रेडिओ सेलवर चालतो. इंजिनला ‘ही माझीच किल्ली’ असं सांगणाऱ्या चिपला मात्र सेल लागत नाही. किल्ली अगदी जवळ आणली की गाडीतल्या कॉइलमधूनच तिला शक्ती मिळते. म्हणून सेल पार मेला तरी आतलं पातं काढून दार उघडता येतं, आणि किल्ली बटणाला टेकवून गाडी चालू होते. काही गाड्यांत बटणाऐवजी किल्ली ठेवायची ठरावीक जागा असते, ती आपल्या गाडीत कुठे आहे ते आजच बघून ठेवा. पात्याने दार उघडलं की अलार्म वाजतो, तो बिघाड नाही, ती चोराविरुद्धची सोय आहे. गाडी चालू केली की थांबतो. सेल बदलल्याने किल्लीची गाडीशी असलेली जोडणी सहसा जात नाही, त्यामुळे ‘सेल बदललाय, आता प्रोग्रामिंग लागेल’ असं कोणी म्हणालं तर किल्ली हातातून सोडू नका.

माझ्या किल्लीत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल आहे. तुमच्या किल्लीत सीआर २०२५ किंवा सीआर १६३२ असू शकतो, नंबर सेलवरच कोरलेला असतो. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. जवळपासचा म्हणून दुसरा बसवू नका. किल्ली नेहमीपेक्षा जवळ नेल्याशिवाय दार उघडत नसेल, तर सेल जायला आलाय. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

आता पोलिसांचं. किनाऱ्याजवळच्या ठाण्यात फोन केला तर उत्तर, ‘ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत ना? गाडी चालू करून दिली ना? मग फसवणूक कसली?’ म्हणाले, इथे येऊन अर्ज द्या. पुन्हा घाट उतरून जाऊ? आमच्या शहरातल्या ठाण्यात गेले तर तिथले म्हणतात, घटना आमच्या हद्दीतली नाही. मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. तर समोरचा साहेब हसला. हसला! म्हणे, ‘तेरा हजारासाठी एवढं वाचून आलात?’ हो, आले. न्याय संहितेचं कलम ३१८ सुद्धा वाचलं. फसवून पैसे काढून घेणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रक्कम लहान असेल तर सोडून द्या असं कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का असलेला माणूस जेवायला गेलाय. त्या शिक्क्यासाठी मला बाकावर ताटकळत बसवलं. बँकेने हात वर केले, पिन तुम्हीच टाकलाय म्हणे. आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेतली मुलगी म्हणाली, मॅन्युअलमध्ये सगळं आहे मॅम. ते मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि त्या दिवशी ते बंद गाडीच्या आत होतं. किल्ली देताना फोटो काढता, पेढे वाटता, मग दोन मिनिटं पातं कुठे आहे ते दाखवायला काय होतं?

ज्यांना लढायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, कॉलची यादी, स्टिकरचा आणि व्हॅनच्या नंबरचा फोटो जपून ठेवा. व्हॅनचा फोटो माझ्या मुलाने गंमत म्हणून काढला होता, आज तोच माझ्या कामाला येतोय. आणि दुसरी किल्ली घरी कपाटात ठेवून लांबच्या प्रवासाला जाऊ नका. एक जादा सेल पाकिटात टाका, डॅशबोर्डमध्ये नको, कारण गाडीच उघडली नाही तर त्याचा उपयोग शून्य.

आयोगात तक्रार दाखल झाल्याचं कळल्यावर त्या माणसाचा फोन आला. तोच गोड आवाज. ‘मॅडम, कशाला कोर्टकचेरी, तीन हजार परत करतो, मागे घ्या.’ मी त्याला सांगितलं, पूर्ण १३,५०० आणि तक्रारीचा खर्च, त्याच्याखाली एक रुपयाही नाही. फोन त्याने कापला. मी सुनावणीला जाणार आहे, आईसुद्धा साक्षीला येते म्हणाली आहे.