कब्सचा अवे गेम बघायला दोघंच जायचंय, तर मिलवॉकी की सेंट लुईस?

या सीझनला आमच्या ओळखीतल्या तीन जोडप्यांनी हाच प्रश्न विचारला. कब्स म्हणजे आपली शिकागोची बेसबॉल टीम, त्यांच्या घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डला, आपण सगळेच जातो, पण हीच टीम दुसऱ्याच्या गावात खेळताना बघायचीय, मुलं आजी-आजोबांकडे आहेत, एक वीकेंड मोकळा आहे, तर गाडी उत्तरेला काढायची की दक्षिणेला? आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो आणि नवरा आणि मी दोन्हीकडे एकापेक्षा जास्त वेळा जाऊन आलोय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी शेड्यूल बघा, कारण हवं तेव्हा जाऊ असं होत नाही. मिलवॉकीचे ब्रुअर्स आणि सेंट लुईसचे कार्डिनल्स दोघंही आपल्याच डिव्हिजनमधले, म्हणजे लीगमधल्या आपल्याच गटातले, पण २०२३ पासून डिव्हिजनमधल्या एका टीमशी १९ ऐवजी १३ च गेम होतात, म्हणजे कब्स त्यांच्या गावात वर्षाला फक्त सहा-सात गेम खेळतात, त्यातले वीकेंडचे किती आणि त्यातही तुमच्या सुट्टीत बसणारे किती ते मोजा. कितीदा तरी निर्णय तिथेच होऊन जातो.

अंतराचं म्हणाल तर फरक खूप आहे. आमच्या घरून मिलवॉकी साधारण ११० मैल, शिकागो शहरातून ९० च, ट्रॅफिक नसेल तर दोन तासांच्या आत. मात्र शुक्रवारी संध्याकाळी आय-२९४ हायवेवर अडकलात तर पहिल्या दोन-तीन इनिंग गेल्याच समजा. इलिनॉयमध्ये टोल लागतो, विस्कॉन्सिनमध्ये शिरलं की नाही. सेंट लुईस आमच्याकडून २७० मैलांच्या आसपास, आय-५५ हायवे धरायचा आणि सरळ खाली जायचं, टोल नाही, सव्वाचार-साडेचार तास. पिच क्लॉक (पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, किती सेकंदांत बॉल टाकायचा ते मोजणारं घड्याळ) आल्यापासून गेम लवकर आटपतात (२०२३ ला सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आली होती, त्याच्या आदल्या वर्षी तीन तासांच्या वर होती), त्यामुळे मिलवॉकीचा संध्याकाळचा गेम बघून बाराच्या आत घरी येता येतं. सेंट लुईसला हॉटेल घ्यावंच लागतं, खर्चाचा मोठा फरक तिथेच पडतो, तिकिटात नाही. तिकिटं कब्स आले की दोन्हीकडे चढतातच, मधल्या वारी मिळाली तर बरी पडतात.

आता पाऊस. मिलवॉकीच्या अमेरिकन फॅमिली फील्डला उघडबंद होणारं छत आहे, त्यामुळे एप्रिलमधल्या गारठ्यातसुद्धा आत आरामात बसता येतं आणि पावसामुळे गेम रद्द होईल ही भीती नाही. सेंट लुईसच्या बुश स्टेडियमला छत नाही. म्हणजे जिथे दोन तासांत परत येता येतं तिथे गेमची गॅरंटी, आणि जिथे चार तास गाडी चालवून हॉटेलचे पैसे भरलेत तिथे नाही. आमचा एक गेम दीड तास थांबला होता, आम्ही जिन्याखाली उभे राहिलो, शेवटी झाला पण रात्री उशिरापर्यंत चालला. म्हणून सेंट लुईसला जाणार असाल तर सिरीजच्या (त्याच दोन टीमच्या लागोपाठच्या गेमच्या) पहिल्या दिवसाची तिकिटं घ्या, गेम पुढे ढकलला तर कधीकधी दुसऱ्या दिवशीच डबलहेडर, म्हणजे एका दिवसात दोन गेम, लावतात आणि तुम्ही तिथेच असता. आणि जुलै-ऑगस्टमधली तिथली दुपार म्हणजे मे महिन्यातली मुंबई, तसाच घाम, त्यामुळे थर्ड बेसच्या बाजूला बसा, सावली तिकडे आधी येते आणि आपल्या टीमचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, तीही तिकडेच आहे.

मिलवॉकीची खरी मजा गेमच्या आधी पार्किंगमध्ये असते. स्टेडियम गावाच्या मध्यात नाही, चारही बाजूंना पार्किंग लॉट पसरलेत आणि गेट उघडले की लोक गाडीची डिकी उघडून ग्रिल पेटवतात, खुर्च्या मांडतात, कॉर्नहोल (फळीच्या भोकात छोट्या पिशव्या टाकायचा खेळ) खेळतात. पार्किंग आधी ऑनलाइन घ्या, तिथे जाऊन महाग पडतं. आम्ही घरून थालीपिठाचं पीठ मळून नेलं होतं आणि छोट्या गॅस शेगडीवर तवा ठेवला, तर शेजारच्या गाडीतले ब्रुअर्सचे जर्सीवाले काका वासाने उठून आले, दोन थालीपिठं लोणी लावून खाल्ली आणि ग्रिलवरची मक्याची कणसं आमच्या हातात ठेवली, आमच्या अंगावर निळे शर्ट असूनसुद्धा. तिथे शिकागोचे लोक इतके येतात की त्या स्टेडियमला रिग्ली नॉर्थ म्हणतात. सहाव्या इनिंगमध्ये सॉसेजचे पोशाख घातलेल्यांची शर्यत लागते, ब्रुअर्सनी होम रन मारला की त्यांचा मॅस्कॉट बर्नी ब्रुअर घसरगुंडीवरून खाली येतो, सगळं अगदी घरगुती. पण गोडवा हल्ली थोडा कमी झालाय, कारण त्यांचा मॅनेजर क्रेग काउन्सेल २०२४ ला आपल्याकडे आला, त्याचं नाव घेतलं की अख्खं स्टेडियम बू करतं, आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) ब्रुअर्सनीच आपल्याला पाच गेमच्या सिरीजमध्ये घरी पाठवलं. मला ते अजून लागतं.

सेंट लुईसचं वैर मात्र वेगळंच, ते शंभर वर्षांच्या वरचं आहे. लू ब्रॉक हा आपला खेळाडू १९६४ ला कब्सनेच कार्डिनल्सना देऊन टाकला आणि तो तिथे हॉल ऑफ फेमपर्यंत गेला, शिकागोतली म्हातारी माणसं अजून ते काढतात. १९९८ ला त्यांच्या मार्क मॅक्ग्वायरने एका सीझनमधला विक्रमी ६२ वा होम रन मारला तोही आपल्याच विरुद्ध, आपला सॅमी सोसा समोर मैदानात होता. ११ वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची शेवटची अजिंक्यपदाची सिरीज, जिंकलेली टीम आहे ती, त्यांच्यापेक्षा जास्त फक्त न्यू यॉर्क यांकीजच्या. अख्खं स्टेडियम लाल आणि मधूनमधून आपले निळे ठिपके. भांडणं होतील असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई मांडीवर स्कोअरकार्ड घेऊन बसल्या होत्या, प्रत्येक पिचनंतर बारीक पेन्सिलने खूण. मी वाकून बघतेय म्हटल्यावर त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि शिकवायला लागल्या. मैदानातल्या प्रत्येक जागेला नंबर असतो, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) म्हणजे ६, सेकंड बेस ४, फर्स्ट बेस ३, म्हणून बॉल त्या क्रमाने फिरून डबल प्ले (एकाच बॉलवर दोघं आउट) झाला की ६-४-३ लिहायचं, आणि बॅटर तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवताच आउट (स्ट्राइकआउट) झाला तर इंग्रजी के उलटा काढायचा. लहानपणी आबा रेडिओवर कॉमेंट्री ऐकत वहीत रन लिहायचे ते मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. आपल्या शॉर्टस्टॉपने एक अवघड बॉल उडी मारून पकडला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, स्वतःच्या टीमचा माणूस आउट झाला होता तरी. समोर सेंटर फील्डच्या मागे सेंट लुईसची प्रसिद्ध गेटवे आर्च, म्हणजे कमान, दिसते, सूर्य मावळताना तिचं स्टील आधी गुलाबी होतं मग जांभळं, ते बघायला होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे वरच्या मजल्यावर बसलात तर उत्तम.

त्या कमानीत वर जायचं असेल तर तिकीट आधीच काढा. ६३० फूट उंच, १९६५ ला पूर्ण झालेली, आणि वर नेणाऱ्या ट्रामच्या डब्यात पाच जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात, दार इतकं बुटकं की वाकूनच शिरायचं. बंद जागेची भीती असेल तर खालूनच बघा. मिलवॉकीला फिरायला तलावाकाठचं आर्ट म्युझियम आहे, छान आहे, अर्ध्या दिवसात होतं.

खाण्याचं, शाकाहारी लोकांसाठी खास. मिलवॉकीत तळलेले चीज कर्ड्स (ताज्या चीजचे छोटे तुकडे) बिनधास्त खा. सेंट लुईसची टोस्टेड रॅव्हिओली (सारण भरून तळलेला पास्ता) फेमस आहे पण आत बहुतेक वेळा बीफ असतं, विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. फ्रोझन कस्टर्ड (आइस्क्रीमचाच घट्ट प्रकार) दोन्ही गावांचं नावाजलेलं, सेंट लुईसच्या टेड ड्रूज दुकानाचं तर इतकं घट्ट की कप उलटा करून देतात, पण त्यात अंड्याचा बलक असतो, घरात कोणी अंडं खात नसेल तर लक्षात ठेवा.

मला विचाराल तर जोडप्याने सेंट लुईसलाच जावं. बेसबॉल तर दोन्हीकडे तेवढाच चांगला आहे, पण घरी आम्ही दोघं सलग अर्धा तास बोलत नाही आणि ५५ वर चार तास दोन्ही बाजूंना फक्त मका आणि पवनचक्क्या, बोलण्याशिवाय काही नाही. जाताना पॉन्टियाकला रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध हायवेचं म्युझियम, स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर, येताना ब्लूमिंग्टनच्या अलीकडे फंक्स ग्रोव्हला मेपल सिरप. मागच्या खेपेला ९-२ ने हरून परत येताना आम्ही स्प्रिंगफील्डपर्यंत पिचरवर बोललो आणि तिथून घरापर्यंत आईला इथे बोलवायचं की नाही यावर, जो विषय वर्षभर राहिला होता. मिलवॉकीहून येताना तोपर्यंत घर आलं असतं.

पण एकच दिवस मोकळा असेल, लहान मूल बरोबर असेल किंवा एप्रिल-मेमध्ये जात असाल तर सरळ मिलवॉकी, उगाच ओढाताण करू नका. आणि सेंट लुईसचा रविवार दुपारचाच गेम मिळाला तर घरी यायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात, सोमवारची अर्धी सुट्टी आधीच टाकून ठेवा.