वॉटर मेझ की बार्न्स मेझ? आधी उंदीर कोणता ते ठरवा

प्रयोगशाळेतल्या उंदराला जागा किती लक्षात राहते हे मोजायला मेझ, म्हणजे वाट शोधायची यंत्रं, वापरतात. बजेट मंजूर झालं की बरेच जण डोळे मिटून त्यातल्या वॉटर मेझची, म्हणजे पाण्याच्या टाकीची, ऑर्डर देतात. वाचलेले पेपर बहुतेक त्याचेच असतात, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण कोटेशन मागवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा: प्रयोग रॅटवर (मोठा उंदीर) आहे की माऊसवर (छोटा उंदीर), आणि खोली केवढी आहे?

रॅट असतील आणि जागा असेल, तर वॉटर मेझच घ्या. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये तो मांडला तो रॅटसाठीच. गोल टाकी, पांढुरकं केलेलं पाणी आणि पृष्ठभागाखाली जेमतेम बुडालेला प्लॅटफॉर्म. खोलीतल्या खुणा पाहून प्राण्यानं तो शोधायचा. रॅट पट्टीचा पोहणारा, त्याला उपाशी ठेवावं लागत नाही आणि पाण्यात वासाचा माग फारसा टिकत नाही. शेवटी प्लॅटफॉर्म काढून ६० सेकंद पोहू द्यायचं. नुसत्या योगायोगानं टाकीच्या एका चतुर्थांशात १५ सेकंद जातील. त्याहून बराच जास्त वेळ तो जुन्या जागेभोवतीच घुटमळला, तर जागा लक्षात आहे.

कॅटलॉगमध्ये नसलेला खर्च पाण्याचा. १.८ मीटर व्यासाच्या टाकीत ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ७६० लिटर. ते भरायचं, २५ अंशांच्या आसपास ठेवायचं, घाण झालं की उपसायचं. खोलीला मोरी नसेल तर बादल्या तुम्हालाच वाहाव्या लागतील. आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विस्टार रॅट, म्हणजे पांढरे. पांढऱ्या पाण्यात पांढरा रॅट कॅमेऱ्याला दिसत नाही. टाकी काळी घ्या आणि बिनविषारी काळा रंग वापरा.

माऊस असेल तर मात्र माझं मत बार्न्सकडे, म्हणजे पाण्याशिवायच्या, भोकांच्या चकतीकडे. माऊस पोहण्यात कच्चा, लवकर गारठतो, काही तर हातपाय न हलवता नुसते तरंगत राहतात. अशा वेळी जास्त लागलेला वेळ विसराळूपणाचा की कंटाळ्याचा, हे कळणार कसं?

कॅरल बार्न्स यांचा १९७९ चा मूळ प्रयोग गंमत म्हणजे रॅटवरचाच होता, म्हाताऱ्या आणि तरुण. उंच स्टँडवर गोल चकती, कडेला भोकं, त्यातल्या एकाखाली लपायची पेटी. माऊससाठी साधारण ९२ सेंटिमीटरची, २० भोकांची चकती चालते. प्रखर उजेड आणि उघडेपणा टाळायला प्राणी पेटी शोधतो. पाण्यापेक्षा ताण कमी. पण ताण कमी म्हणजे घाईही कमी: पेटी सापडूनही काही माईस आत न शिरता निवांत फिरत बसतात. म्हणून योग्य भोकापाशी पहिल्यांदा पोचायला लागलेला वेळ वेगळा नोंदवा. वासाची भानगड इथे खरी आहे. प्रत्येक फेरीनंतर ७० टक्के अल्कोहोलनं पुसा आणि चकती फिरवा, पेटीची जागा मात्र खोलीच्या हिशेबानं तीच ठेवा.

दोन्ही यंत्रांना एक गोष्ट मारते: दृष्टी. सीथ्रीएच या वंशाच्या माऊसमध्ये डोळ्याचा पडदा निकामी करणारं जनुकीय व्यंग असतं, काही स्विस वंशांतही. आंधळ्या उंदराची 'स्मृती' मोजण्यात अर्थ नाही. वॉटर मेझमध्ये झेंडा लावलेला, दिसणारा प्लॅटफॉर्म देऊन हे तपासता येतं.

पैशांची ओढाताण असेल तर महाग टाकीपेक्षा कॅमेरा आणि ट्रॅकिंग सॉफ्टवेअरवर खर्च करा. स्टॉपवॉचनं पोचायचा वेळ कळतो, मार्ग कळत नाही.

तिसरा पर्याय आठ फाट्यांचा रेडियल मेझ (मध्यातून निघणारे फाटे, टोकाला खाऊ), ओल्टन आणि सॅम्युएलसन यांचा, १९७६ चा. त्या क्षणापुरती आणि कायमची अशी दोन्ही स्मृती एकाच प्रयोगात वेगळी करायची असेल तरच घ्या. खाणं कमी करून वजन ८५ टक्क्यांवर आणणं, मग अनेक दिवसांचं प्रशिक्षण, आणि हे सगळं एथिक्स कमिटीपुढे पटवून देणं आलं.

वाय मेझ, म्हणजे Y आकाराचा तीन फाट्यांचा, पाच-आठ मिनिटांत संपतो, प्रशिक्षण लागत नाही. त्यातून कळतं ते एवढंच की आत्ता कुठल्या फाट्यातून आलो हे प्राण्याला आठवतं का. प्राथमिक चाचणीला तेवढं पुरतं, आणि जवळच्या ॲक्रिलिकवाल्याकडूनही तो बनवून घेता येतो.